जुन्नरच्या एका द्राक्षबागेत घड कमी का आले: दोन छाटण्यांचा मागोवा

जुन्नर तालुक्यातला नारायणगावचा परिसर. एक एकर बाग, जात तास-ए-गणेश, कलम डॉगरिज खुंटावर (खुंट म्हणजे कलमाखालचा मुळांचा भाग), लागवड ९ बाय ५ फूट, वाय पद्धतीचा मांडव. फळछाटणी, म्हणजे माल घेण्यासाठीची छाटणी, १० ऑक्टोबरला उरकली. अठराव्या दिवशी, २८ ऑक्टोबरला, ओळीतून चालताना नवी फूट जोमदार दिसते, पाने चकचकीत आहेत, पण घड शोधावे लागतात. चौथ्या-पाचव्या पानासमोर जिथे घड लोंबायला हवा तिथे दोन फाट्यांची बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तणाव, आहे. एका फाट्यावर मोहरीएवढ्या आठ-दहा कळ्या, दुसरा फाटा नुसता वळलेला. यालाच बागायतदार गोळी घड म्हणतात. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या कळ्याही गळतात आणि उरते ती निव्वळ बाळी.

हे प्रकरण कुणा एकाच्या बागेचे नाही. तालुक्यात वारंवार दिसणारी परिस्थिती एका बागेत बसवून ते नमुन्यादाखल बांधले आहे. घडांची, काड्यांची आणि वजनाची मोजणी हिशेब समजावा म्हणून धरलेली आहे. छाटणीची मापे, तारखांचे गणित आणि कारणे मात्र थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या जातींच्या कुठल्याही बागेत ताडून पाहता येतील.

आधी मोजणी

बाग बिघडली की बोलणी खूप होतात आणि मोजणी कुणी करत नाही. म्हणून पहिले काम वेली मोजण्याचे. तिरक्या रेषेत चालत वीस वेली निवडल्या, कडेच्या ओळी सोडून. प्रत्येक वेलीवर चार गोष्टी मोजल्या: काड्या किती, फुटलेले डोळे (काडीवरचे नवी फूट देणारे कोंब) किती, घड किती, आणि त्यांतले गोळी घड किती.

सरासरी निघाली ती अशी. वेलीवर ५२ काड्या. शेंड्याकडच्या, पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून लावायचे औषध) लावलेल्या डोळ्यांपैकी दहातले आठ ते नऊ फुटलेले. घड २०, त्यांतले ६ गोळी. म्हणजे धरवणारे घड १४. काड्या बारीक असल्यामुळे घड ३०० ग्रॅमच्या पुढे जाणे अवघड. १४ घड गुणिले ३०० ग्रॅम म्हणजे वेलीला ४.२ किलो, आणि ९ बाय ५ वर एकरी ९६८ वेली धरल्या तर जेमतेम चार टन. याच अंतरावर दीड चौरस फुटाला एक घड या हिशेबाने वेलीवर ३० घड बसतात. साडेतीनशे ग्रॅमचा घड धरला तरी दहा टन व्हायला हवेत.

सहा टनांची ही तूट कुठे झाली, हा या प्रकरणाचा प्रश्न.

ज्यांना दोष दिला जातो

पहिला आळ पेस्टवर येतो. पेस्टमधले हायड्रोजन सायनामाइड जुने होते, पातळ झाले, मजुरांनी नीट लावले नाही. पण दहातले आठ-नऊ डोळे फुटले आहेत, आणि पेस्टचे काम तेवढेच असते. डोळा उठवायचा की झोपू द्यायचा एवढेच ते ठरवते. डोळ्याच्या आत घड आहे की बाळी, हे पेस्ट लावायच्या कितीतरी आधी ठरलेले असते. पेस्ट चुकली असती तर फूट मागेपुढे झाली असती, काही काड्या मुक्या राहिल्या असत्या. तसे इथे नाही.

दुसरा आळ ऑक्टोबरच्या हवेवर. छाटणीनंतर आठव्या ते पंधराव्या दिवसात पाऊस, ढग आणि मुळाशी जास्त पाणी असेल तर असलेला घडही जिरतो, हे खरे आहे. वेलीवरचे सहा गोळी घड त्यातले असू शकतात. पण ५२ काड्यांवर वीसच घड निघतात, तेव्हा उरलेल्या काड्यांवर घड जिरलेला नाही, तिथे तो नव्हताच.

या बागेत दोन खुणा अशा सापडल्या की पुढचे सगळे बोलणे त्यांच्यावर उभे आहे.

पहिली खूण पूर्वेकडच्या आठ ओळींची. त्यांची खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतर नवी काडी घडवण्यासाठीची छाटणी, १६ एप्रिलला झाली होती. तेवढे करून मजुरांची टोळी दुसऱ्या बागेत गेली, पुढे पाण्याची पाळी लांबली, आणि उरलेल्या बागेची खरड छाटणी थेट ५ मे रोजी झाली. फळछाटणी मात्र सगळ्या बागेची एकाच दिवशी, त्याच टोळीने, त्याच पेस्टने. आता त्या आठ ओळींत वेलीवर २६ घड, त्यांतले ४ गोळी. बाकीच्या बागेत २० आणि ६. ऑक्टोबरची हवा दोन्हींकडे एकच होती. फरक एप्रिल-मेमधल्या एकोणीस दिवसांचा आहे.

दुसरी खूण विहिरीजवळच्या चार वेलींची, ज्या फळछाटणीतून सुटल्या. त्यांच्या काड्यांचे शेंड्याकडचे डोळे आपोआप फुटले होते, मधले आणि खालचे झोपलेले होते. त्या काड्या कापून डोळे ब्लेडने उभे चिरून पाहिले.

डोळ्याच्या आत काय दिसते

द्राक्षाचा डोळा एकच दिसतो, पण आत तीन असतात. मधला मुख्य, त्याच्या दोन्ही बाजूंना दुय्यम आणि तिय्यम. घड मुख्य डोळ्यात असतो. दुय्यममध्ये असला तर लहान, बहुधा नसतोच. धारदार ब्लेडने डोळ्याचे थर वरून खाली पातळ काढत गेले की मध्ये हिरवा गाभा लागतो. वीस ते चाळीस पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पानांच्या घड्यांमध्ये एक शंकूसारखा, किंचित खडबडीत उंचवटा दिसतो. तो सूक्ष्मघड. तो गुळगुळीत, लांबट आणि दोन टोकांचा असेल तर ती बाळी. मधला गाभाच तपकिरी, सुकलेला दिसला तर मुख्य डोळा मेलेला आहे. फुटेल ती दुय्यमची फूट, आणि ती जवळजवळ नेहमी वांझ. अति जोमाच्या, लांब पेऱ्याच्या काड्यांत हे जास्त आढळते आणि डॉगरिजवर जोम भरपूर असतोच.

विहिरीजवळच्या काड्यांत पहिल्या सहा डोळ्यांत सूक्ष्मघड क्वचित होते. नवव्यापासून अकराव्यापर्यंत घड चांगले होते. आणि बागेची फळछाटणी सरसकट सहा डोळ्यांवर झाली होती. जिथे घड होते तो भाग कात्रीने कापून बांधावर टाकला गेला.

छाटणीच्या दिवशी मुकादमाचा प्रश्न एकच असतो: "दादा, किती डोळ्यांवर मारायची?" उत्तरात एक आकडा मिळतो आणि तोच एकरभर चालतो. या बागेच्या बिघाडाचा एक मोठा हिस्सा त्या एका आकड्यात आहे. घड सहाव्याच्या वर का सरकले, हे मात्र मे-जूनमध्येच पाहावे लागते.

एका वर्षात दोन छाटण्या का

थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते, आणि तिथे वर्षाला एक छाटणी पुरते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून काढणीनंतर एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नवी काडी घडवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या काडीवर फळछाटणी करून माल घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. ऑक्टोबरमध्ये दिसणारा प्रत्येक घड खरड छाटणीनंतर ४० ते ७० दिवसांच्या दरम्यान डोळ्यात तयार झालेला असतो. त्या वेळी डोळ्यात एक अंकुर असतो. त्याचा घडही होऊ शकतो, बाळीही. काडीत सायटोकायनिन हे संजीवक पुरेसे असेल, डोळ्यापाशी ऊन पोचत असेल, हवा उबदार असेल तर तो घडाकडे वळतो. नत्र आणि पाणी जास्त होऊन काडी धावत असेल तर जिबरेलिन हे दुसरे संजीवक वरचढ होते आणि तोच अंकुर बाळी होतो. थॉमसन आणि तिच्यातून निवडलेल्या जातींना या काळात ऊन आणि ऊब इतर जातींपेक्षा जास्त लागते. तास-ए-गणेश थॉमसनमधूनच आलेली असल्यामुळे तिलाही तोच नियम.

आता तारखा लावून पाहा. १६ एप्रिलच्या ओळींचे ४० ते ७० दिवस म्हणजे २६ मे ते २५ जून. पुण्याकडे मान्सून साधारण १० जूनच्या सुमारास येतो, म्हणजे जवळपास अर्धा काळ उन्हाचा मिळाला. ५ मेच्या ओळींचे ४० ते ७० दिवस म्हणजे १४ जून ते १४ जुलै. सगळाच काळ ढगांखाली. जुन्नर सह्याद्रीला लागून असल्याने इथे आभाळ इंदापूर-बारामतीपेक्षा जास्त भरून राहते. तिकडे जी उशिराची छाटणी कशीबशी निभावते ती इथे निभावत नाही.

८ एप्रिलला छाटले असते तर तोच काळ १८ मे ते १७ जून असा आला असता. छाटणी अलीकडे आणण्याची किंमत किती, हे कॅलेंडरवरच दिसते.

तारीख हे अर्धेच उत्तर

आठ ओळींची तारीख बरी होती, तरी तिथेही धरवणारे घड २२ च होते. म्हणजे आणखी काहीतरी चुकले आणि ते सगळ्या बागेत सारखे चुकले.

पहिले, गर्दी. पाच फुटांच्या अंतरात दोन्ही बाजूंचा ओलांडा (तारेवर आडवी नेलेली कायमची फांदी) मिळून साठ इंच लांब. त्यावर ५२ काड्या म्हणजे सव्वा इंचाला एक. मांडवाखाली उभे राहून वर पाहिले तर आभाळ दिसत नव्हते. दुपारी बारा वाजता जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत नसतील तर खालच्या डोळ्यांना ऊन मिळत नाही हे निश्चित समजावे. ऊन फक्त वरच्या पानांना मिळाले, आणि म्हणून घडही वर, नवव्या-अकराव्या डोळ्यांत सरकले. गर्दीने काड्याही बारीक राहिल्या, बहुतेक ५ ते ६ मिलिमीटर. खाण्याच्या द्राक्षाला ८ ते १० मिलिमीटरची काडी लागते, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड.

दुसरे, शेंडा उशिरा मारला. सबकेन म्हणजे शेंडा खुडल्यावर टोकाच्या बगलेतून पुढे नेलेली काडी; ती जिथून निघते ती गाठ. सबकेनसाठी फुटीला नऊ-दहा पाने आली की सात पानांवर शेंडा खुडायचा असतो. इथे मजूर मिळाले तेव्हा बारा-तेरा पाने झाली होती आणि तिथेच टोक खुडले गेले. परिणाम असा की सबकेनची गाठ सातव्या डोळ्याऐवजी अकराव्या-बाराव्याला पडली. फलदायी डोळे गाठीच्या आसपास असतात. सात पानांवर शेंडा मारलेल्या काडीला 'गाठीपुढे एक डोळा' म्हणजे आठ डोळ्यांची छाटणी येते. बारावर मारलेल्या काडीला सहा डोळ्यांवर कापले की गाठ आणि माल दोन्ही गेले.

तिसरे, पाणी. डोळ्यात घड तयार होत असताना पाणी वाढीच्या काळातल्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशावर आणायला हवे. इथे ड्रिप पहिल्याच वेळापत्रकाने चालू होते आणि वळवाचा पाऊसही झाला. शेंडे जूनभर धावत राहिले.

या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गर्दी आहे म्हणून शेंडा मारायला वेळ लागतो, शेंडा धावतो म्हणून सावली वाढते, सावलीत काडी आणखी लांब होते. सुरुवात फुटींची विरळणी न झाल्याने होते आणि विरळणीला फुटीची पाच पाने एवढीच सोयीची वेळ असते. त्या वेळी फूट हाताने सहज मोडते. नंतर कात्री लागते, मजुरी दुप्पट होते, आणि मग विरळणी राहूनच जाते.

त्या हंगामात काय करता आले

घड वाढवता येत नाहीत. असलेले वाचवता येतात. पाणी कमी केले, नत्र थांबवले, घडासमोरची दाटी मोकळी केली. सगळी फेलफूट (घड नसलेली फूट) मात्र काढली नाही. कमी घडांच्या वेलीवरून वांझ फूट सगळी काढली की उरलेल्या फुटी आणखी धावतात आणि गळ वाढते. वांझ फुटींपैकी काही पाच-सहा पानांवर शेंडा मारून राखल्या. सायकोसिल (वाढ रोखणारे औषध) फवारण्याचा सल्ला या टप्प्यावर सर्रास दिला जातो. निर्यातीच्या बागेत तो ऐकू नये. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत सायकोसिलचे अंश सापडले आणि निर्यातदार-बागायतदार दोघांचेही मोठे नुकसान झाले. घड वेलीवर असताना हे औषध बागेत नको.

माल कमी असल्याने लवकर पिकला. भावासाठी वेलीवर ठेवण्याचा मोह टाळून मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढणी संपवली. पुढच्या वर्षाची सगळी दुरुस्ती या एका निर्णयामुळे शक्य झाली. आदल्या वर्षी मार्चअखेरपर्यंत माल ठेवला होता आणि मेमधली खरड छाटणी तिथूनच ओढवली होती.

दुसऱ्या वर्षाचे काम, क्रमाने

काढणीनंतर तीन-चार आठवडे वेलीला विश्रांती. या काळात पाने हिरवी ठेवायची, पाणी बेताचे द्यायचे. खरड छाटणीनंतर वेलीवर एकही पान राहत नाही आणि पाच-सहा पाने येईपर्यंतची सगळी फूट खोडातल्या आणि मुळांतल्या साठ्यावर जगते. मालाने थकलेली वेल लगेच छाटली तर फूट मागेपुढे आणि अशक्त येते. विश्रांतीतच बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यावर) दोन फूट रुंद, तीन-चार इंच खोल चारी घेऊन शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट भरले. चारी खोल घेऊ नये, पांढरी मुळी त्याच थरात असते.

८ एप्रिलला खरड छाटणी. ओलांड्यावर प्रत्येक जागी एक डोळा राखून बाकी सगळे काढले. काही ठिकाणी जुना बुंधा दरवर्षीच्या एकेका डोळ्याने तीन-चार इंच वर सरकला होता. तिथे खाली जिवंत डोळा दिसत असेल तर त्याच्यावर कापले. एप्रिलच्या उन्हात उघडा ओलांडा तापतो, साल भाजते आणि डोळे मरतात. म्हणून ओलांड्यावर ओले गोणपाट टाकले आणि फूट दिसेपर्यंत रोज संध्याकाळी पाणी फवारले. पेस्ट पातळ, लिटरला २५ ते ३० मिली.

हायड्रोजन सायनामाइड हाताळताना हातमोजे, बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवा. आणि एक गोष्ट टोळीतल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगावी: हे काम करण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू अजिबात घ्यायची नाही. हे औषध शरीरात दारूचे पचन अडवते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. मालकाने संकोच न करता बोलायची गोष्ट आहे ही.

पाच पानांवर विरळणी. साठ इंच ओलांड्यावर दर दोन इंचाला एक, म्हणजे वेलीवर ३० फुटी. कुठली काढायची हे ठरवताना सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक या दोन्ही आधी काढल्या. जाड फूट राखण्याचा मोह होतो, पण तिचे पेर लांब पडते, तिच्यात मुख्य डोळा मरण्याची शक्यता जास्त आणि ती शेजारच्या दोघींचे अन्न ओढते. एकसारख्या मध्यम फुटी राहिल्या की पुढे शेंडा मारणे, फवारणी, फळछाटणी सगळे एका वेळी येते.

नऊ पाने आली की सात पानांवर शेंडा. सगळ्या फुटी एका दिवशी नऊ पानांवर येत नाहीत, म्हणून चार दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या केल्या. मजुराला पान मोजायला अडचण नको म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक फूट खुडून नमुना दाखवला. गाठीखालच्या बगलफुटी काढल्या, टोकाची एकच पुढे नेली. ती सबकेन. काडीवर एकूण पंधरा-सोळा पाने झाली की पुन्हा शेंडा. ४०० ते ५०० ग्रॅमच्या घडाला तेवढी पाने पुरतात, त्याहून जास्त पाने सावलीच वाढवतात.

चाळिसाव्या दिवसापासून पाणी कमी, नत्र बंद. या टप्प्यात ६-बीए (सायटोकायनिन गटातले संजीवक) १० पीपीएम (१०० लिटरला १ ग्रॅम) आणि युरासिल ५० पीपीएम (१०० लिटरला ५ ग्रॅम) यांची एकेक फवारणी केली. या फवारण्या मदत करतात, पण गर्दीच्या आणि सावलीच्या बागेत त्यांवर खर्च केला तर तो वाया जातो, कारण ऊन बाटलीतून देता येत नाही.

सत्तर दिवसांनंतर पालाश वाढवले. पावसाळ्यात बोर्डो मिश्रण धरून पाने सप्टेंबरपर्यंत टिकवली. केवडा किंवा करपा या रोगांनी ऑगस्टमध्येच पाने गेली तर काडी कच्ची राहते आणि डोळे अवेळी फुटतात. काडी पक्की झाली का, हे पाहायला ती आडवी कापावी. मधला गाभा तपकिरी असेल तर पक्की, पांढरट-हिरवा आणि ओला असेल तर कच्ची.

कात्री कुठे लावली

फळछाटणीच्या दहा-बारा दिवस आधी बागेतल्या दहा ठिकाणच्या काड्या आणून डोळे तपासले. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि तालुक्यांच्या ठिकाणी खासगी प्रयोगशाळाही ही तपासणी करतात. तपासणीला काडी देताना ती बुडापासून शेंड्यापर्यंत पूर्ण द्यावी आणि जाड, मध्यम, बारीक अशी वेगवेगळी बांधून द्यावी. सगळ्या एकत्र दिल्या तर सरासरी येते आणि सरासरीवर काडी कापता येत नाही. या वेळी घड सातव्या आणि आठव्या डोळ्यांत होते, काही सहाव्यात.

पानगळीसाठी इथेफॉन लिटरला २.५ ते ३ मिली, छाटणीच्या १२ ते १५ दिवस आधी. ४ ऑक्टोबरला फळछाटणी. या वेळी मुकादमाला आकडा दिला नाही, खूण दिली: गाठ शोधायची, गाठीपुढे एक डोळा ठेवायचा आणि त्या डोळ्याच्या वर बोटाच्या नखाएवढी जागा सोडून तिरका काप घ्यायचा. डोळ्याला चिकटून कापले की काडी सुकत खाली येते आणि तोच डोळा मरतो. ज्या काडीला गाठ नाही पण जाडी ८ मिलिमीटरच्या वर आहे ती तपासणीप्रमाणे आठ डोळ्यांवर. ६ मिलिमीटरच्या खालची काडी मालासाठी धरलीच नाही, तिला एका डोळ्यावर मागे कापले. बारीक काडीवरचा घड डोळ्याला दिसतो पण वजनाला भरत नाही, आणि शेजारच्या घडाची फुगवण कमी करतो.

पेस्ट छाटणीनंतर ४८ तासांच्या आत, फक्त शेवटच्या दोन-तीन डोळ्यांना, लिटरला ३० ते ४० मिली. थंडी पडल्यावर छाटणी असेल तर ४० ते ५०. खालच्या डोळ्यांना लावू नये. ते फुटले तर वांझ फुटींची गर्दी होते आणि ती काढायची मजुरी वर.

हिशेब

या वर्षी वेलीवर २९-३० काड्या, ३४ च्या आसपास घड. त्यांतले गोळी आणि आखूड काढून २८ राखले. घड सरासरी ३७५ ग्रॅम धरला तर वेलीला साडेदहा किलो, एकरी सुमारे दहा टन. काड्या ५२ वरून ३० वर आल्या, घड मात्र दुप्पट झाले. बागेत सर्वांत अवघड असते ते हेच पटवणे. विरळणीच्या दिवशी बांधावर पडलेला हिरव्या फुटींचा ढीग पाहून पोटात कालवते, आणि नेमके तेव्हाच हात आखडतो.

वाढीतला फरकही मोजण्यासारखा होता. पेऱ्यातले अंतर कमी झाले, काडी ८-९ मिलिमीटरवर एकसारखी आली, फूट तीन-चार दिवसांच्या आत एकत्र निघाली. फूट एकत्र निघाली की डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी आणि फवारणी सगळ्या घडांना योग्य अवस्थेत मिळते. आदल्या वर्षी एकाच वेलीवर फुलोऱ्यातला घड आणि मणी धरलेला घड शेजारी होते, आणि कुठल्याही दिवशी डिपिंग केले तरी निम्म्या घडांना ते चुकीच्या वेळी लागत होते.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात ठेवली पाहिजे. तारीख, विरळणी, शेंडा, पाणी आणि कात्रीची जागा हे सगळे एकाच वर्षी बदलले. त्यामुळे प्रत्येकाचा वाटा किती, हे या एका बागेवरून वेगळे काढता येत नाही. आठ ओळींची खूण तारखेचा वाटा दाखवते, विहिरीजवळच्या वेली कात्रीच्या जागेचा. बाकीचे एकमेकांत मिसळलेले आहे. ज्याला आपल्या बागेत नक्की कळून घ्यायचे आहे त्याने दोन ओळी जुन्या पद्धतीवर ठेवून बाकी बदलावे आणि त्या ओळींना रंगीत दोरी बांधावी, नाहीतर टोळी त्याही नव्या पद्धतीनेच करून जाते.

काही प्रश्न दुसऱ्या वर्षीही उरले. पूर्वी उन्हाने भाजलेल्या ओलांड्यावर जागोजागी हातभर मोकळ्या जागा आहेत. तिथे शेजारची एक चांगली काडी फळछाटणीच्या वेळी लांब राखून ओलांड्याच्या तारेवर आडवी बांधली आहे. ती पुढच्या खरड छाटणीत नवा ओलांडा म्हणून धरायची. एका वर्षात ती जागा भरत नाही, दोन वर्षे लागतात.

आणि शेजारच्या अर्ध्या एकरातल्या शरद सीडलेस या काळ्या जातीला वरचे छाटणीचे माप लावायचे नाही. काळ्या जातींत खालचे डोळेही फलदायी असतात, त्यामुळे तिथे सबकेनची गरज पडत नाही. सरळ काडी ठेवून चार ते पाच डोळ्यांवर फळछाटणी पुरते. तिला आठ डोळ्यांवर मारले तर घड मिळतात, पण जागा लांब सरकते, मांडवाखाली दाटी होते आणि काळ्या रंगाला लागणारी मोकळी हवा कमी पडते. दोन्ही तुकडे एकाच टोळीकडे असतील तर ते वेगवेगळ्या दिवशी छाटावेत.